भिंतीपलीकडचा बेस

संघपाल आमच्या आंधळगावात गुरांच्या दवाखान्यात परिचर आहे. वय शेहेचाळीस, लग्न नाही, आई गेल्यापासून घरात एकटा. माणूस असा, की असला काय अन् नसला काय. एकदा तीन दिवस तापाने अंथरुणात पडून होता. चौथ्या दिवशी कामावर गेला तर डॉक्टर म्हणाले, "काल ती लसीची पेटी कुठं ठेवली रे?" तो आलाच नव्हता, हे कोणाच्या गावीही नव्हतं. त्याने मला हे हसत सांगितलं, मीही हसलो. आता ते हसणं आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

आमचा भीमगीतांचा संच आहे. प्रविण गातो, मी ढोलकीवर. बेस गिटार वाजवणारा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गिटार विहारातच ठेवून गेला. जयंतीला चार महिने उरले होते. प्रविणने संघपालला गाठलं. "भाऊ, तुमीच शिका ना. चारच तारा हायेत, तुमाले काय जड आहे?"

संघपाल गिटार आणि तिचा स्पीकर घरी घेऊन गेला. चार तारा, पण दोरखंडासारख्या जाड! पहिल्या आठवड्यात त्याच्या बोटांना फोड आले, मग फोड फुटून घट्टे पडले. दवाखान्यातून आला की मोबाइलवर शिकवणीचा व्हिडिओ लावून तो भिंतीला टेकवून बसायचा. दोन बोटं आलटूनपालटून, एकच सूर, तोंडाने एक दोन तीन चार. नुसत्या बेसवर गाणं ओळखू येत नाही. घरात धूम धूम एवढंच. सामाईक भिंतीपलीकडे पंचफुलामावशी राहतात, सत्तरीच्या, त्याही एकट्याच. त्या पळीने भिंत ठोकायच्या. "भित पाडतं का रे, संघपाल!" हा आवाज कमी करायचा, पण थांबायचा नाही.

मोबाइलमधल्या मास्तराने एक गोष्ट सांगितली होती. बेसकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण तो थांबला की सगळ्यांना कळतं. संघपालने मला हे तीनदा तरी ऐकवलं. त्याला तेवढंच हवं होतं. आपण थांबलो तर कोणाला तरी कळावं.

जयंतीच्या संध्याकाळी तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. नऊ गाणी झाली, टाळ्या झाल्या. प्रविणने त्याच्या पाठीवर थाप मारली. "भाऊ, एकदम कडक वाजवलं!" मीही म्हणालो, "रंग आणला गड्या."  त्याने गिटारच्या वायरचं दुसरं टोक उचलून दाखवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पाहुण्यांसाठी एक माइक वाढवायचा होता, म्हणून साउंडवाल्या बंटीने पहिल्या गाण्यानंतरच त्याची वायर काढली होती.

"मंग सांगतलं काहून नाही?" प्रविण ओरडला.

"कोणाले कळते का, पाहून राहिलो होतो," संघपाल म्हणाला.

आठ गाणी तो मुका वाजवत होता आणि माझी ढोलकी जोरात चालली होती. 

तेवढ्यात पंचफुलामावशी काठी टेकत मंचाजवळ आल्या. चांगल्याच रागात होत्या.

"काहून रे, तुयं धूम धूम आज कुठी गेलं? पयल्या गान्यात आलं, मंग आलंच नाही. तिसऱ्या गान्यात त्या एका जागी तू रोज चुकते ना, तिथं मी कान देऊन बसली होती. म्हटलं, आज चुकते का नाही चुकत. काहीच नाही! चुकला का?"

संघपालने गिटार खाली ठेवली.

"नाही चुकलो, मावशी," तो म्हणाला. "आज नाही चुकलो." आणि एवढ्या माणसांसमोर रडायला लागला. मावशींनी पदराचं टोक त्याच्या हातात दिलं. मी ढोलकीला खोळ चढवत राहिलो.