पंख शिवणारी गिरजा

चोपन्न सालच्या मार्चात चांद्यावर अशी गारपीट झाली की रामाळा तलावाच्या काठच्या चिंचांवर पान उरलं नाही. गावाबाहेरच्या माळावर एका सर्वेक्षण कंपनीचं लहानसं विमान उभं होतं. तेही त्या गारांत सापडलं. एकावर एक असे दोन मजली पंख, आत लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड, असं ते विमान. उजवीकडून तिरप्या आलेल्या गारांनी त्या बाजूच्या खालच्या पंखाचं कापड पार चाळणी करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा नेहमीप्रमाणे टोपलीत मासोळ्या घेऊन माळावरच्या कंपनीच्या शेडकडे विकायला गेली. ढिवराच्या घरची ही बाई तिशीची असेल. नवरा इस्तारी इरई नदीत जाळं टाकायचा आणि ते जाळं विणायची गिरजा. तिनं विणलेलं जाळं दगडाला अडकून फाटलं तरी गाठ सुटत नसे, हे इरईकाठच्या सगळ्या ढिवरांना माहीत होतं. ऐन मासेमारीच्या हंगामातसुद्धा लोक तिच्या जाळ्यासाठी खोळंबून राहायचे.

त्या दिवशी तिची टोपली कोणी उतरवूनच घेतली नाही. कंपनीचे इंजिनिअर गुणवंतराव नागपूरचे. विमान दुरुस्त करून ते उडवण्याजोगं आहे, अशी सही करण्याचा सरकारी परवाना चांद्यात त्यांच्या एकट्याकडे होता. ते शेडमध्ये मांडी घालून बसले होते. समोर एक जाड इंग्रजी पुस्तक उघडं, मांडीवर लाकडी चौकटीला ताणलेलं कापड आणि हातात वीतभर लांबीची सुई. पंखाचं कापड आतल्या लाकडी बरगड्यांना दर तीन बोटांवर टाका घालून बांधावं लागतं आणि प्रत्येक टाक्याला गाठ लागते. नाहीतर हवेच्या ओढीनं कापड फुगून सुटतं. गुणवंतरावांचा हात इंजिनात बसलेला. गाठ मारून ओढली की ती सरकत होती.

गिरजानं दोन-तीनदा पाहिलं आणि तिला राहवलं नाही. "भाऊ, हे गाठ सरकून राह्यली," ती म्हणाली. "द्या मले."

गुणवंतरावांनी सुई दिली ती बहुधा थट्टेनंच. गिरजानं धागा दोन बोटांत फिरवला, एक वेढा आत, एक बाहेर, आणि अंगठ्यानं दाबून ओढला. गुणवंतरावांनी पकड घेऊन गाठ खेचली. धागा ताठ झाला, चौकट करकरली, पण गाठ हलली नाही. त्यांनी पुस्तकातलं चित्र पाहिलं, पुन्हा गाठ पाहिली आणि उठून उभेच राहिले. चित्रातली गाठ हीच होती. खाली तिचं इंग्रजी नाव छापलं होतं, आणि ते नावसुद्धा मासे धरायच्या जाळ्यावरूनच आलेलं होतं. त्यांनी ते गिरजाला सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. जाळ्याची गाठ ती जाळ्याचीच असणार, एवढंच ती म्हणाली.

पण पंख काही घरचं जाळं नव्हे. कंपनीला आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंतच्या जंगलावर पावसाळ्याआधी उडून नकाशे पुरे करायचे होते. पंख मुंबईला पाठवला तर तो परत येईतो मृग उलटला असता. चांद्यातच दुरुस्त करायचा तर त्या शेडला दुरुस्तीचा कारखाना म्हणून विमान खात्याची मान्यता हवी होती. गुणवंतरावांनी दिल्लीला अर्ज धाडला. उत्तरात अटींचे सहा कागद आले. कापडाचं काम करायची खोली बंद आणि धूळरहित हवी. हवेतला ओलावा मोजायचं यंत्र हवं. सरकारी दाखला असलेला माल कुलपात, बाजारचा माल वेगळ्या खोलीत आणि नापास मालावर तांबडी चिठ्ठी. प्रत्येक कामाची नोंद हवी, काम कोणी केलं आणि तपासलं कोणी ते सहीनिशी. जो काम करेल त्यानं स्वतःच ते पास करायचं नाही. आणि काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, त्याला काय शिकवलं त्यासह, यादीत पाहिजे.

कंपनीचे व्यवस्थापक भैयाजी घाबरट स्वभावाचे होते, माणूस मात्र वाईट नव्हते. मासोळ्या विकणाऱ्या बाईचं नाव दिल्लीला गेलं तर साहेब अर्ज फेकून देतील, असं त्यांना वाटलं. शिवू दे गिरजाला, पण वहीत गुणवंतरावांचं नाव लिहू, असं त्यांनी सुचवलं. गुणवंतरावांनी वही मिटून त्यांच्यासमोर ठेवली. आपणच शिवलं असं लिहिलं तर आपल्यालाच ते पास करता येणार नाही, आणि ते खोटंही ठरेल, असं त्यांनी सांगितलं. मग गिरजाचं नाव यादीत चढलं.

त्या दिवसापासून गिरजाच्या घरची घडी बदलली. हाताला माशाचं तेल असलं तर कापडावर लावायचं रोगण धरत नाही, म्हणून तिनं मासोळीला हात लावायचा नाही असं ठरलं. टोपली इस्तारीनं डोक्यावर घेतली. जटपुरा दरवाज्याशी बाया त्याला पाहून हसू लपवायला तोंडाला पदर लावायच्या, पण तो गप्प विकायचा. "माही बायको इमानाले पंख लावून राह्यली," एवढं मात्र तो प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगे.

शेडमध्ये गिरजा राखेनं आणि मग साबणानं हात घासून बसायची. तीन आठवडे तिनं नुसत्या चौकटींवर टाके घातले. गुणवंतराव पट्टी लावून अंतर मोजायचे आणि अर्धं बोट फरक पडला तरी उसवायला सांगायचे. ती एकदा चिडली आणि मासोळी अंतर मोजून जाळ्यात येते का, असं तिनं विचारलं. गुणवंतरावांनी तिला पंखाशी नेलं आणि हा पंख किती वजन उचलतो, त्यातलं किती एकेका टाक्यावर येतं ते समजावलं. त्यानंतर ती स्वतःच पट्टी हातात घ्यायला लागली. संध्याकाळी पाटीवर ती आपलं नाव गिरवायची. सही तिची, असं नियमात होतं, आणि अंगठा उठवायला ती तयार नव्हती.

मे महिन्याच्या मध्यावर पंख नव्या कापडानं मढवून, शिवून तयार झाला. टाक्यांवरच्या पट्ट्या आणि रोगणाचे शेवटचे हात तेवढे बाकी होते. त्याच आठवड्यात दिल्लीचे तपासनीस आले. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी दाराच्या फटीवर रुमाल फिरवून धूळ पाहिली, कुलपं पाहिली, सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. मग पंखावरच्या टाक्यांवरून बोटं फिरवत ते टोकापर्यंत गेले आणि हिंदीत विचारलं की हे कोणी शिवलं. भैयाजींनी खाली पाहिलं. गुणवंतरावांनी गिरजाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी तिला समोर बसवून चौकटीवर एक बरगडी शिवायला सांगितली. भांडारातून नवं रीळ आलं, त्याला दाखल्याची चिठ्ठी लावलेली होती. गिरजानं धागा दातात धरून ओढला, बोटांत चोळला, आणि सुईत न ओवता खाली ठेवला.

"हा धागा तो नाई," ती म्हणाली.

भैयाजी पुढं झाले, चिठ्ठी दाखवायला लागले. गिरजानं धाग्याचं टोक तोडलं आणि साहेबांपुढे धरलं. "आपला धागा जवसाच्या सालीचा राह्यते. तुटला तं काडीवानी तुटते. याचं टोक कापसावानी पिंजारते. हा ताडपत्री शिवायचा हाय."

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. टोक निरखून त्यांनी भांडारातलं कपाट उघडायला लावलं. ताडपत्रीसाठी बाजारातून आणलेली काही रिळं त्याच कपाटात ठेवली गेली होती आणि दाखल्याच्या चिठ्ठ्या चुकून त्यांना लागल्या होत्या.  साहेबांनी फक्त एकच प्रश्न विचारला: असल्या रिळाचा धागा पंखात गेला आहे का? नोंदवहीत नुसतं 'धागा पास' असं लिहिलेलं होतं. कोणत्या बरगडीला कोणतं रीळ, ते कुठंच नव्हतं.

 गिरजाला आठवलं, टोकाच्या दोन बरगड्या शिवताना धागा हाताला कोरडा लागला होता. मेण कमी लागलं असेल असं समजून तिनं त्याच्यावर वरून मेण घासलं होतं. गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं. पण ह्या पंखाच्या भरवशावर माणूस आभाळात जाणार, हे गुणवंतरावांनी तिला टाक्याटाक्यानं शिकवलं होतं.

"टोकाच्या दोन बरगड्यायले हाच धागा असन," ती म्हणाली. "उसवा लागते."

साहेबांनी त्या दिवशी मान्यता दिली नाही. बाजारच्या मालाची खोली वेगळी करा, प्रत्येक बरगडीपुढे रिळाचा नंबर लिहा, मी आठव्या दिवशी नागपूरहून परत येतो, एवढं सांगून ते निघून गेले. भैयाजी कपाळाला हात लावून पेटीवर बसले. आठ दिवसांनी आभाळ भरून आलं असतं, आणि ओल्या हवेत रोगण लावलं तर ते पांढरं पडून फुकट जातं, हे आता तेही शिकले होते.

ते आठ दिवस शेडमध्ये जत्रेसारखी गडबड होती. गुणवंतरावांनी दोनच नाही तर सगळ्याच बरगड्या उसवायला लावल्या, कारण आठवणीवर विमान उडत नाही. गिरजानं आपली नणंद इंदिराबाई हिला हाताशी घेतलं, पण तिला फक्त पाणी आणायला आणि उसवलेले धागे वेचायला दिलं, कारण तिचं नाव यादीत नव्हतं. इस्तारीनं सुताराबरोबर बाजारच्या मालाची कुडाची खोली उभी केली. बाहेर ऊन भाजत होतं, आत घामाचा थेंब कापडावर पडू नये म्हणून गिरजानं कपाळाला फडकं बांधलं होतं. टाका, गाठ, पट्टी, नोंद. एकेक बरगडी पुरी झाली की गुणवंतराव भिंग लावून तपासायचे, रिळाचा नंबर लिहायचे, आणि गिरजा त्यापुढे आपली वाकडीतिकडी सही करायची. प्रत्येक सहीला तिला वाटायचं, आपण मोठ्ठा रोहू काठावर ओढून आणला.

आठव्या दिवशी साहेब आले. खिडकीतून दक्षिणेकडे काळे ढग दिसत होते. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली, तीन ठिकाणी टाके स्वतः ओढून पाहिले, आणि मग टेबलाशी बसून कागदावर शिक्का मारला. जाताना त्यांनी गुणवंतरावांना सांगितलं की आजवर कारखाने खूप पाहिले, पण तपासणीत स्वतःचं काम स्वतः नापास करणारा कारागीर पहिल्यांदाच पाहिला.

ढग दोन दिवस दूरच थांबले; तेवढ्यात पट्ट्या आणि रोगणाचे हात चढले आणि कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणलं गेलं. पंख बसला. पहिल्या उड्डाणाला गिरजाला बसायचं होतं, पण चाचणीच्या उड्डाणात वैमानिकाशिवाय कोणी नको असा नियम होता. आता ती नियमाला नियम म्हणून ओळखत होती. हट्ट न करता माळाच्या कडेला उभी राहिली. विमान धुरळा उडवत धावलं, उचललं गेलं, इरईवरून वळलं, आणि अर्ध्या तासानं परत उतरलं. गुणवंतरावांनी पंख बोटाबोटानं तपासला, सही केली, आणि मग गिरजाकडे वळून म्हणाले, "चला गिरजाबाई. आता नियमात बसते."

पुढच्या जागेवर तिला पट्ट्यांनी बांधलं. इस्तारी काठी टेकून उभा होता, तोंड उघडं ते उघडंच. इंजिन गरजलं, जमीन पायाखालून निसटली, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, आणि गिरजा पोटातून हसत सुटली. खाली आल्यावर सगळ्यांनी तिला घेरलं आणि वरून गाव कसं दिसतं, रामाळा केवढा दिसतो, ते विचारलं.

"खाली पाह्यलंच नाई मी," ती म्हणाली. "माह्या बरगड्या पाहून राह्यली होती. एकबी टाका हालला नाई."

पावसाआधी आलापल्लीचे आणि सिरोंच्याचे नकाशे पुरे झाले. दिवाळीनंतर नागपूरहून मालगाडीनं गवतात गुंडाळलेले दोन फाटके पंख चांद्याला आले आणि सोबतच्या कागदावर, हे गिरजाबाईंनीच शिवावेत, असं नाव घालून लिहिलेलं होतं. गिरजानं तो कागद गुणवंतरावांकडून दोनदा वाचून घेतला. मग इंदिराबाईला बोलावून तिच्यापुढे रिकामी चौकट ठेवली, आणि हात राखेनं घासून यायला सांगितलं.