कळंबाच्या फुलासाठी राखून ठेवलेलं पान

देवाजीभाऊंची आणि माझी पहिली भेट पोंभुर्ण्यातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत झाली. साप्ताहिकातल्या माझ्या सदरासाठी फोटो हवा होता. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हनुवटी दोन बोटांनी सरळ केली, कॅमेऱ्यामागून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमी हासून राह्यले का चिडून राह्यले? एक काहीतरी ठरवा." वीस वर्षं मी उपहासात्मक लिहितो आहे, माझ्या लेखनाची इतकी नेमकी समीक्षा नंतर कुणी केली नाही.

लग्नं आणि पासपोर्ट फोटो यांत हयात घालवलेले भाऊ गावाबाहेरच्या दलदलीतल्या झाडाझुडपांकडे वळले, तेव्हाही शिस्त त्यांनी स्टुडिओचीच ठेवली. प्रत्येक रोपट्यामागे पांढरं कापड धरायचं. पान, फूल, फळ, साल यांचे वेगवेगळे फोटो. वारा सुटला तर तो पडेपर्यंत थांबायचं. कापड धरण्याचं काम बहुधा माझ्याकडे असे. मी गुडघाभर चिखलात, पायाला जळू लागलेली, आणि भाऊ गवताच्या काडीला सांगताहेत, "हालू नको बाई." माझ्याशी ते इतक्या मायेनं कधी बोललेले नाहीत.

या फोटोंचा त्यांनी अल्बम केला. त्यात फोटोखाली झाडाचं गावातलं नाव येतं, त्याखाली ते नाव सांगणाऱ्याचं. शास्त्रीय नाव तिसऱ्या ओळीत. ते कळवणाऱ्या एका प्राध्यापकांनी, आपला क्रम यमुनाबाईंच्या खाली का, अशी विचारणा केली. यमुनाबाई दलदलीकाठी गुरं राखत. बाईंनी ते झाड आधी पाहिलं, असं भाऊंनी त्यांना नम्रपणे कळवलं.

मध्यंतरी ही दलदल उपसून तिथे पर्यटकांसाठी नौकाविहाराचा तलाव करायचं घाटत होतं. सरकारी कागदावर तिची नोंद होती, 'निरुपयोगी पाणथळ, किरकोळ झुडपे'. ती खोटी ठरवायला आमच्याकडे हा अल्बम तेवढा होता. अडचण एकच. दलदलीच्या मधोमध उभा असलेला जुना कळंब, तिथलं सर्वांत मोठं झाड, आदल्या वर्षी वादळात पडला होता आणि त्याच्या फुलाचा फोटो राहून गेला होता. मी सुचवलं, मोहर्लीच्या रस्त्यावरच्या कळंबाचा लावू. कळंब तो कळंब. भाऊ नाखुशीनं तयार झाले.

पाहणीला आलेले साहेब शाळेच्या ओट्यावर बसून पानं उलटत होते. नेमके त्या पिवळट, चेंडूसारख्या फुलांवर थांबले. हे झाड आधी दाखवा, म्हणाले. 'वादळात पडलं' एवढंच सांगा, असं मी भाऊंच्या कानाशी पुटपुटलो. ते खरंही होतं.

भाऊ उभे राहिले. "साहेब, हा फोटो इथला नाई. मोहर्लीच्या रस्त्यावरचा आहे. इथला कळंब पडला, त्याचं फूल मले भेटलंच नाई. चूक माही आहे."

साहेबांनी अल्बम मिटला. मग बाकीचे फोटो कुठले, असं विचारलं.

"चला, दाखवतो," म्हणत भाऊंनी चपला काढल्या. थोडं थांबून साहेबांनीही बूट काढले. दुपार टळेपर्यंत चिखल तुडवत दोघांनी अल्बमचं एकेक पान झाडाशी ताडून पाहिलं. काही महिन्यांनी दलदल संरक्षित झाल्याचा आदेश आला.

चूक भाऊंची नव्हती, सल्ला माझा होता. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्यापुढेही कधी विषय काढलेला नाही. दुसऱ्यांच्या खोटेपणावर लिहून नाव कमावलेल्या माणसाला हे फार काळ पोटात ठेवणं जड जातं, म्हणून या गौरवग्रंथात छापून टाकतो आहे.

आता त्या दलदलीत शिरायला खुद्द भाऊंनाच परवाना लागतो. त्यावरचा फोटो त्यांनी स्वतःचा स्वतः काढला. डोळे मिटलेले आले आहेत.

मोहर्लीचा फोटो त्यांनी पाहणीच्याच दिवशी अल्बममधून काढून टाकला. ते पान अजून कोरं आहे. खाली पेन्सिलीनं 'कळंब, फूल' एवढंच. पडलेल्या खोडाशेजारी एक रोप उगवलं आहे, सध्या गुडघ्याएवढं. याला फुलायला पंधरा वर्षं तरी लागतील, असं मी मागच्या आठवड्यात म्हणालो. पंच्याहत्तरीचे भाऊ भिंग पुसत होते.

"लागू द्या ना. मले कुठी जाची घाई आहे?"

ती घाई त्यांना कधी होऊ नये, गुडघ्यांनी चिखलात आणि डोळ्यांनी भिंगामागे त्यांची साथ सोडू नये, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. कळंबानंही सावकाश वाढावं. कापड धरायला मी आहे.