गणपतचा माल्टावाला नाग

गुहागरचा गणपत शिगवण बहारीनमध्ये एसी दुरुस्त करतो. ऑगस्टात त्याच्यावाचून अर्ध्या मनामा शहराचं पान हलत नाही. पण विचाराल तर म्हणेल, "मी तिकिटं जमवतो." टपालाची, आणि त्यातही फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांची! त्याच्या अराद भागातल्या घरात पाल दिसली की बायको भक्ती झाडू घेऊन धावते, आणि हा पठ्ठ्या परदेशी पालीला चिमट्याने अलगद उचलून अल्बममध्ये निजवतो. "मागच्या जन्मी कोण होतात हो तुम्ही?" भक्ती विचारते. बारा वर्षांत तिने त्या अल्बमकडे धड बघितलंही नव्हतं, आणि हे त्याला मनातून फार लागायचं.

यंदा त्याला माल्टा बेटाचा संच मिळाला. सरडा, पाल, सापसुरळी आणि ठिपक्यांचा साप, चारही कोरी करकरीत. मनामातल्याच अदलिया भागात भरणाऱ्या तिकिटांच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच त्याचं टेबल लागणार होतं, बक्षिसाचीही आशा होती. गडी हवेत. गिऱ्हाइकाच्या एसीचं झाकण त्याने दोनदा उलटं बसवलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नागपंचमी आली. गणपत दुपारी ड्युटीवरून घरी येतो तो देवापुढे पाट मांडलेला, पाटावर लाह्या, दुर्वा, आणि मधोमध माल्टाचा साप, अंगावर हळदकुंकू आणि दुधाचा थेंब घेऊन बसलेला.

"अगं, हे काय केलंस?" गणपत ओरडला.

"अहो, नागाचं चित्र कुठे मिळेना," भक्ती म्हणाली. "मी काढते तो गांडुळासारखा दिसतो. हा तुमचा किती देखणा! कितीतरी वेळ बघतच राहिले."

रडावं की हसावं, त्याला कळेना. बारा वर्षांनी बाईला एक तिकीट आवडलं, आणि आवडताक्षणी तिने त्याचं वाटोळं केलं. त्याला हसू फुटलं ते थांबेचना. मग तीही हसत सुटली, कशाला ते न कळताच.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मुनीराबाईंनी भिंग लावलं आणि मान हलवली. डागाळलेलं तिकीट स्पर्धेत चालत नाही. शेजारच्या टेबलावरचा ताहिर, गणपतचा जुना दोस्त, लगेच उठून आला. त्याच्याकडे हाच साप होता, स्वच्छ. "बदल ले, यार. तेरा ये पीला वाला मुझे दे दे. ऐसा दुनिया में दूसरा नहीं मिलेगा."

संच पुरा होणार, बक्षीस पुन्हा हाताशी येणार. गणपतने चिमटा उचललादेखील. तेवढ्यात टेबलापलीकडून, सोबत आलेल्या भक्तीचं हिंदी कानावर आलं. ती एका अनोळखी बाईला समजावत होती, "ये सापसुरळी, काटती नहीं. और ये हमारा नाग. कल इसका पूजा किया."

'हमारा' ऐकून गडी विरघळलाच.

"मफी, ताहिरभाई," अरबीत 'नाही' म्हणत त्याने चिमटा खाली ठेवला. "पूजा किया हुआ नाग किसी को देते नहीं."

बक्षीस कुणाच्या तरी फुलपाखरांना गेलं. गणपतने टाळ्या अशा काही वाजवल्या की लोकांना वाटलं, यालाच मिळालं.