मावशीच्या गाण्याची कोरी बाजू

मंडळी, आज कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिली. एका फाइलीत उदगीरच्या मावशीची कानडी गाणी, दुसरीत त्यांचा मराठी अर्थ. स्क्रिप्टनं दोन्ही शेजारी-शेजारी मांडायचं, ओळीसमोर ओळ.

मावशी फोनवर आधी अख्खं गाणं म्हणायची, मग अर्थ सांगायची. मी टाइप करायचो.

स्क्रिप्ट चालवली, तर शेवटच्या गाण्यासमोर उजवीकडं, अर्थाच्या जागी, सगळं कोरं. सकाळभर चूक शोधून राहिलो होतो. चूक नव्हतीच.

मग आठवलं. गाणं संपलं अन् ती म्हणाली, "थांब बाबा, टँकर आलाय. घागरी भरू दे. अर्थ उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी फोन आला, तो मावशी गेल्याचा.

तुमच्यात कानडी जाणणारे लई जण हायेत. अर्थ लगेच सांगाल. पण खरं सांगा, तुम्ही ती बाजू दुसऱ्याकडून भरून घेतली असती का?