खाडीतलं सारवण

ओहोटीच्या चिखलाचा वास चपलेला लागून घरात आला, की कॉलेजची ती सहल आठवते. भूगोलाच्या आम्ही मुली चिंचणीच्या खाडीवर गेलो होतो. खाडी माझी, लहानपणापासून मी तिथे शिंपल्या वेचलेल्या. सरांनी फावड्याने चिखल उभा कापला, तर आत वाळूचे आणि गाळाचे पातळ पट्टे, एकावर एक. “हे कशामुळे?” सरांनी विचारलं. समुद्रापासून दूर, आतल्या उधवा गावची माझी मैत्रीण ओहोटी पहिल्यांदाच पाहत होती. ती म्हणाली, “आमची कुडाची भिंत अशीच असते सर, सारवणावर सारवण. पाणी धावताना वाळू टाकत असेल, थांबलं की गाळाने सारवत असेल.” सर खूश झाले आणि माझ्याकडे वळले, “तू तर इथलीच ना?” माझा जळफळाट झाला. सगळ्या फोटोसाठी मोबाइल काढत होत्या, तेवढ्यात मी त्या कापावर पाय दिला. मुद्दाम. “घसरलीस का गं?” म्हणत तिने मला हात दिला, आणि हातभर अंतरावर पुन्हा चिखल कापला. तेच पट्टे निघाले. आता मी शाळेत भूगोल शिकवते, मुलांना त्याच खाडीवर नेते. पट्टे दाखवताना माझ्या तोंडून सारवणच येतं. मुलांना वाटतं, ते बाईंना सुचलं. मी त्यांना तसं वाटू देते आणि पुढचा चिखल कापायला घेते.