जुन्या दराचं कपाट

विक्रीकर बारा टक्क्यांवरून पंधरावर जायचा होता उद्यापासून. धाकट्यांनी तो आज दुपारीच वाढवला, आणि तोही मागच्या सगळ्या बिलांसकट. इतकी तडफ सरकारलाही दाखवता आली नसती.

हेतू वाईट नव्हता. फर्निचरच्या त्या दुकानाचे मालक दोघे भाऊ. थोरले पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलत. धाकटे मागच्या कारखान्यात सुतारांच्या डोक्यावर बसत. धाकट्यांनी सासूबाईंना छातीठोक शब्द दिला होता, "तुमचं कपाट जुन्या दरातच घरी येईल." आणि कपाट होतं मागे उभं, पॉलिश ओलं, एक दार अजून सुताराच्या टेबलावर आडवं. उद्या निघालं तर कितीला पडेल, एवढंच बघावं म्हणून ते कॉम्प्युटरपाशी बसले, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाराचे पंधरा केले आणि 'सेव्ह' दाबून मोकळे झाले.

तेवढ्यात एक निवृत्त मास्तर जुन्या टेबलाच्या बिलाची नक्कल मागायला आले. कागद त्यांनी चष्म्यातून पाहिला, चष्म्याबाहेरून पाहिला.

"मी एवढे दिले नव्हते," ते म्हणाले. "उरलेले आता घेणार की काय?"

थोरल्यांनी आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. धाकट्यानं दिवे लावलेत!"

वहिनी आल्या. थोरल्यांची बायको, दुकानाचे सगळे हिशेब त्यांच्याकडे. लग्नाआधी त्या ग्रंथालयात पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारत, आणि तो शिक्का डोक्यातून काही उतरला नव्हता. कुणी म्हणालं, "मी गोड सोडलं," की यांचा प्रश्न, "कुठल्या तारखेपासून?" थोरल्यांनी मिश्या काढल्या तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं, "हे कधीपासून?" थोरले म्हणाले, "परवापासून."

धाकट्यांवर त्या रागावल्या नाहीत. खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत शेजारी उभ्या राहिल्या. धाकट्यांना राग परवडला असता.

"दर पुसायचा नसतो, भाऊजी. जुना तसाच ठेवायचा, शेजारी नवा मांडायचा आणि त्याला बजावायचं, बाबा रे, तुझं राज्य उद्यापासून."

"पण जुना तर उद्या मेलाच ना?"

"मरतोय कुठला! गेल्या महिन्यातली खुर्ची कुणी परत आणली तर? कर घेतला बारानं आणि परत दिला पंधरानं, तर दुकान विकावं लागेल."

त्यांनी दर जागेवर आणला. मास्तरांना खरी नक्कल मिळाली. दारापर्यंत जाताना तीही त्यांनी दोनदा वाचली. मग वहिनींनी सरावासाठी ठेवलेली हिशेबाची वेगळी प्रत उघडली. त्यात काहीही घोळ घातला तरी खऱ्या बिलांना धक्का लागत नसे. गिऱ्हाईक म्हणून लिहिलं, 'भाऊजी'. माल, 'डुगडुगतं स्टूल'. आजच्या तारखेला एक विकलं, कर बारा. उद्याची तारीख घालून दुसरं विकलं, पंधरा. मग आजचं स्टूल उद्याच्या तारखेला परत घेतलं. कर परत आला बारानंच. परत करण्याचं कारण विचारलेलं होतं; तिथे वहिनींनी लिहिलं, 'गिऱ्हाइकाला स्वस्थ बसवत नाही'.

थोरले खो खो हसले. धाकट्यांचं मात्र हसण्याकडे लक्ष नव्हतं. उद्याची तारीख इतक्या सहज पडलेली पाहून त्यांच्या आशेला नवीच पालवी फुटली होती.

"वहिनी, तारीख पुढे नेता येते, तशी मागेही नेता येत असेल?"

"येते की."

"मग उद्या कपाट निघालं की बिलावर आजची घाला ना. एका दिवसानं काय बिघडतंय?"

"कपाट आज निघतंय?"

"पॉलिश ओलं आहे हो!"

"मग बिलही ओलंच आहे."

थोरल्यांना एकाएकी दारातल्या सोफ्यावर खूप धूळ दिसू लागली. ते फडकं घेऊन तिकडे सटकले.

"अहो, माझ्या सासूबाई तुम्हाला ठाऊक नाहीत," धाकटे काकुळतीला आले. "माझा शब्द गेला तर माझी शोभा होईल. कपाट उघडताना ऐकवतील, लावताना ऐकवतील. काय सांगू मी त्यांना?"

वहिनींनी प्रिंटरमध्ये कोरे कागद सारखे करून बसवले.

"सांगा, वरचा कर जावई भरतोय."