साहेब लोकांच्या वर्गात मी न्हाई म्हणले

मी चौथी पास हाय, पाचवीला बसले आन लगीन झालं, म्हणून वाचता येतं पर जोडाक्षर आलं की घाम फुटतो. आधीच सांगून ठेवते, न्हाईतर वाचणाऱ्याला वाटंल ही कोण शिकलेली बाई. आमी मावळातनं पिंपरीला आलो ते आमच्या ह्यांना कंपनीत प्रेसवर काम लागलं म्हणून, आन मी जवळच्या एका कॉलेजात झाडलोट करायला, पाणी भरायला लागले. पोरगी तवा आठ महिन्यांची. कडेवर, न्हाईतर व्हरांड्यात चादरीवर.

त्या कॉलेजात सांजच्याला साहेब लोकांचा वर्ग भरायचा. दिवसभर कंपनीत साहेब, सांजला बाकावर विद्यार्थी. कारखाना कसा चालवायचा ह्येचा डिप्लोमा व्हता म्हणं. आठवड्यातनं एकदा एक म्हातारे सर यायचे, त्येंचा विषय धंद्यातली नीती. मला वाटलं कीर्तन असंल. पर सर देवाचं नावबी काढायचे न्हाईत. एक दिवस म्हणले, "प्रत्येकानं आपल्या कंपनीसाठी एक नोटीस लिहून आणायची. मार्क मी देणार नाही." आन माज्याकडं हात केला, मी माठ भरत व्हते. "त्या बाई देतील. त्यांना समजली तर तुम्ही पास."

समदे हासले. मीबी हासले, मला वाटलं थट्टा.

थट्टा नव्हती. पुढच्या आठवड्यात सरांनी मला फळ्याजवळ बोलावलं, खुर्ची दिली. मी बसले न्हाई, पोरीला कडेवर घेऊन उभीच राहिले. सर म्हणले, "बाई, समजलं तर समजलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. भिऊन समजलं म्हणायचं नाही, एवढंच."

पहिला साहेब उठला आन वाचलं, "सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की विनापरवाना अनुपस्थिती ही गैरवर्तणूक समजण्यात येईल."

मी सरांकडं बगितलं, पोरीकडं बगितलं. "न्हाई समजलं."

"गेला रे गेला, नापास!" मागनं कोणतरी वरडलं.

तो साहेब लाल झाला. म्हणला, "अहो बाई, म्हणजे न विचारता घरी राहू नका."

"मग तसंच लिवा की."

आता वर्ग असा हासला की पोरगी दचकून रडाया लागली. एक जण म्हणला, "राव, ह्या बाईंनाच मॅनेजर करा." मी पोरीला घेऊन भायेर पळाले, पर खरं सांगते, त्या दिवशी झाडू हलका वाटला.

असं दोन आठवडे चाललं. तिसऱ्या खेपेला जो उठला तो आमच्या ह्यांचा साहेब.

त्येला मी वळखत व्हते. खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असती, तवा घरच्या माणसांना आत सोडत्यात. ह्यांनी मला त्येंचा प्रेस दाखवला. लई मोठा, वरनं लोखंड खाली येतं आन पत्रा कापतं. त्येला दोन बटणं, दोन हातांना दोन. दोन्ही दाबल्याबिगर लोखंड खाली येत न्हाई, म्हंजी हात आपोआप भायेरच राहत्यात. पर एक बटण चिंधीनं करकचून दाबून बांधलेलं, आन त्याच्यावरनं झेंडूची माळ.

"हे काय वो?"

"गप. एका हातानं बटण अन् एका हातानं पत्रा, तवा कुठं शिफ्टचे ठरलेले नग भरत्यात. साहेबाला ठावं हाय. तो बगत न्हाई."

तेवढ्यात साहेबच पेढे वाटत आला. पोरीच्या हातात पेढा दिला, तिचा गाल धरला. शेजारच्या प्रेसवरच्या भाऊंनी डावा हात पुढं केला. मी येडी, पटकन बोलून गेले, "भाऊ, परसाद उजव्या हातानं घ्या की." त्यांनी उजवा हात खिशातनं काढला. दोन बोटं न्हवती. साहेबानं तोंड फिरवलं. तवापास्नं हे शिफ्टवरनं आले की मी आधी हात बगायची, मग डबा घ्यायची.

तर तो साहेब उभा राहून वाचाया लागला. मराठी चांगली व्हती, आधीच्या दोघांकडनं शिकला असावा. "प्रेसवर काम करताना दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबा. नियम मोडून इजा झाली, तर कामगार स्वतः जबाबदार."

समदं समजलं. एक शब्द अडला न्हाई. जिभेवर 'समजलं' आलंबी व्हतं. म्हणले असते तर तो पास, मी सुटले, आमच्या ह्यांची नोकरी शाबूत. आन मला ती दोन बोटं दिसली, म्हंजी नव्हती ती दिसली.

"न्हाई समजलं."

"काय नाही समजलं?" साहेब हासत म्हणला. "ह्याच्यापेक्षा सोपं कसं लिहायचं?"

"शब्द समजलं," मी म्हणले, आन मग तोंड थांबंचना, "पर साहेब, चिंधी बांधल्याबिगर नग भरत न्हाईत, आन नग तर तुमीच मागता, चिंधी तुमी बगता आन बगत न्हाई, मग बोट गेल्यावर त्यो एकटाच जबाबदार कसा?"

माजा श्वास संपला. साहेब माज्याकडं न्हाई, पोरीकडं बगत व्हता, आन मला कळलं ह्यानं वळखलं.

"तुम्ही त्या..."

"बाईंचं नाव-गाव इथं कुणी विचारायचं नाही," सर म्हणले. लई शांत आवाजात. "त्यांनी प्रश्न विचारलाय. उत्तर द्या."

साहेबानं कागदाची घडी घातली आन खाली बसला.

घरी जाऊन ह्यांना सांगितलं. हे भाकरी मोडत व्हते, हात तसाच राहिला.

"माजं नाव घेतलंस?"

"न्हाई."

"पर वळखलं त्यानं."

"व्हय."

"बरं. उद्या डबा भरू नको. उद्या दुपारी घरीच जेवीन, परवाबी घरीच."

मी डबा भरला. त्येंनी नेलाबी. तो अख्खा दिवस मी कॉलेजात एकच व्हरांडा दोनदा झाडला. नोकरी गेली तर गावाकडं काय तोंड दाखवायचं, सासूबाई काय म्हणतील, म्हणतील सुनेच्या जिभेनं लेकाला घरी बसवलं. मी सरांवर चिडले, माज्यावर चिडले, पोरीलाबी एक धपाटा दिला.

हे शिफ्ट सुटल्यावर आले. मी हात बगितले. मग तोंड.

"साहेब आला," हे म्हणले. "कुणाला हाक न्हाई, काय न्हाई. एकेका प्रेसपाशी थांबून त्यानं सोताच्या हातानं चिंध्या सोडल्या. तिथल्या फळ्यावरचा नगाचा आकडा पुसला, कमी करून लिवला. मग वरच्या साहेबानं त्येला केबिनमधी घेतलं. काय वरडला म्हणतीस, आमाला मशिनीच्या आवाजात ऐकू येत व्हतं."

"आन तुमाला?"

"मला काय न्हाई. जाताना आमचा साहेब एवढंच म्हणला, घरी विचारा, अजून काही समजायचं राहिलंय का."

राहिलं व्हतं. पुढच्या आठवड्यात त्यानं नवी नोटीस वाचली. "बटण बांधू नका. नग कमी पडले तर जाब मी देईन. बांधायला कुणी सांगितलं तर माझ्याकडे या." आन खाली सही.

सर माज्याकडं वळले. ह्या खेपेला मी खुर्चीवर बसले व्हते.

"आन साहेब," मी म्हणले, "तुमीच सांगितलं तर?"

कोण हासलं न्हाई. साहेबानं थोडा इचार केला, खिशातनं पेन काढलं आन कागद गुडघ्यावर धरून एक वळ अजून लिवली. वाचली, "मी सांगितलं तरी बांधू नका."

"समजलं," मी म्हणले.

ती नोटीस प्रेसच्या भिंतीवर लागली. हे घरी येऊन म्हणले, "शेवटची वळ तुजी व्हय?" मी व्हय म्हणले. हे पाय धुवाया गेले, मला वाटलं झालं.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारीण मला म्हणती, "मास्तरीणबाई, बादली सरकवा जरा, आमाला साहेब शिकवायचे न्हाईत, पाणीच भरायचंय." मागच्या दोघी खुदुखुदु हासल्या. मी कुणाला काय सांगितलं नव्हतं. ती म्हणली, "अगं, तुज्या मालकांनी रात्री समद्या चाळीला गोळा करून सांगितलंय, दोनदा."

मी बादली सरकवली, आन परत वाईच जागेवर आणली. माजा नंबर व्हता.